मावशींना मिश्रीचा कंटाळा आला तेव्हा

मावशींनी मिश्री सोडल्याचं कळलं त्या दिवशी मी तीन वेळा लावली. एरवी माझा शिरस्ता दोन वेळांचा, सकाळी उठल्याबरोबर आणि दुपारी डबा खाल्ल्यावर. तिसरी वेळ निव्वळ रागापोटी होती.

सिडकोतल्या एका लहान प्रसूतिगृहात मी सिस्टर आहे. बारा खाटा, एक डॉक्टर मॅडम, आम्ही तिघी सिस्टर आणि त्या काळात एकच मावशी. दवाखान्यात आयाबाईला सगळीकडे मावशीच म्हणतात, त्यामुळे आमच्या मावशींना स्वतःचं एक नाव आहे हे मला त्यांच्या निरोपाच्या दिवशी फळ्यावर वाचून कळलं.

उंच, वाळकी बाई. वैजापूरकडच्या एका गावातून लग्न होऊन शहरात आल्या आणि नवरा गेल्यावर इथे कामाला लागल्या. खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. लेबर रूमच्या दाराशी पालथी घातलेली निळी बादली हीच त्यांची जागा. मॅडमनी एकदा खास त्यांच्यासाठी स्टूल आणलं, तर त्यावर त्यांनी तुळशीची कुंडी ठेवली. "खुर्चीवर माणूस बसलं की त्याला उठायचं जिवावर येतं," म्हणायच्या. "बादली बरी, टोचत राहती."

बायकांची नावं त्या लक्षात ठेवत नसत. बाळाच्या वजनावरून हाक मारायच्या. "ए पावणेतीन, ऊठ, चहा आलाय." "त्या सव्वादोनला सांगा, पोराला छातीशी धर म्हणावं." मूल जन्मलं की पुसता पुसताच तळहातावर तोलून त्या वजन सांगायच्या आणि मग काटा काय म्हणतो ते बघायच्या. शे-पन्नास ग्रॅमचा फरक पडलाच तर चूक काट्याची. पोरगा की पोरगी हे मात्र आपणहून कधी सांगायच्या नाहीत. नातेवाईक दारात ताटकळलेले असत आणि या बाहेर येऊन म्हणत, "दोन किलो आठशे. चांगलं रडतंय. आणखी काय पायजे?" मग बादलीवर बसून कमरेची डबी काढत.

डबीत मिश्री असायची, आणि ती त्यांच्या हातची असायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करणं हे काम आमच्याकडे घरोघरी होतं, पण मावशींची सर कुणाला नव्हती. दवाखान्याच्या गच्चीवर बाळंतिणींचं पाणी तापवायची चूल होती. दुसऱ्या शनिवारी मॅडम पुण्याला जात, त्या दिवशी मावशी त्या चुलीवर तवा चढवत. काड्या काढलेली पानं मंद आचेवर परतत राहत. ठसका खालपर्यंत यायचा, नातेवाईक खोकत खोकत गेटबाहेर जाऊन उभे राहायचे. पानं कच्ची राहिली तर मिश्रीनं चक्कर येते, जास्त भाजली तर हाती नुसती राख. मधली नेमकी वेळ डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही, ती दाताला कळते. मावशी कडेच्या एका पानाचा चुरा बोटावर घ्यायच्या, सुळ्यावर फिरवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "उतरवा." मग वस्त्रगाळ करून मलमाच्या रिकाम्या डब्यांमधून आम्हाला वाटायच्या. वाटपात पहिला नंबर माझा असे.

आता माझंही सांगून टाकते. गरोदर बायकांची कार्डं मी भरते. "मिश्री लावता का?" हा प्रश्न मीच विचारते. लावली तर बाळ वजनाला कमी भरतं, दिवस भरायच्या आधी येतं, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगू शकेन. आणि ते सांगताना माझ्या हिरडीत मावशींची मिश्री असायची. पहिल्या बाळंतपणात दाढ दुखत होती म्हणून सासूबाईंनी बोटभर दिली होती, ती दाढ पडून गेली तरी बोट सुटलं नाही. करोनात मास्क आले आणि माझी मोठी सोय झाली. बाकीच्यांनी काढले तरी मी माझा काढला नाही. मॅडमना वाटायचं, सिस्टर किती काळजी घेते. तोंड भरलेलं असलं की मी मान वर करून नुसतं हं-हं करायची, त्याला बायका माझा कडकपणा समजायच्या.

तर एका सोमवारी मी माझी रिकामी डबी मावशींपुढे धरली.

"नाय," त्या म्हणाल्या. "सोडली."

"काय सोडली?"

"मिश्री. भाजायची नाय अन् लावायचीबी नाय."

"कधीपासून?"

"परवापासून."

"का पण?"

मावशींनी थोडा विचार केला. "तंबाखू संपली व्हती. आणायला जायचा कंटाळा आला."

कंटाळा. हा शब्द मी त्या दिवशी घरी भांडी घासताना मोठ्यानं म्हणून बघितला. तीस-पस्तीस वर्षं दोन्ही वेळा लावणारी बाई, तिला कंटाळा आला. मी सोडायला काय काय केलं नव्हतं? लवंगा चघळल्या, वेलदोडे चघळले, औषधाच्या दुकानातून निकोटीनचं च्युइंगम आणलं, त्यानं नुसत्या उचक्या लागल्या. दिवस मोजणारं अ‍ॅप मोबाईलवर घेतलं, त्यात माझा सगळ्यात मोठा आकडा अकरा. वेरूळला जाऊन घृष्णेश्वरापुढे हात जोडून मिश्री सोडली आणि परतीच्या बसमध्ये, खुलताबाद यायच्या आत, तोंडावर पदर घेऊन लावली. न लावलेल्या दिवशी डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, मुलीच्या अंगावर वस्सकन जायची. मला महिन्यातून दोनदा सोडायला लागायची आणि या बाईला दुकान लांब पडलं.

बरं, कारण तरी एक असावं. मॅडमना त्यांनी सांगितलं, "तुमचं बोलणं मनाला लागलं." वॉचमनला सांगितलं, "सपनात सासू आली, नको म्हणाली." एका बाळंतिणीला म्हणाल्या, "दातानंच सांगितलं, बाई आता बास." खरं कारण एकट्या मलाच सांगितलंय अशी माझी खात्री होती, आणि नेमकं तेच सगळ्यात झोंबणारं होतं.

मी त्यांच्यावर पाळत ठेवली. हात थरथरतो का, चिडतात का, डोकं धरून बसतात का. काही नाही. बादलीवर बसून शेंगदाणे खायच्या आणि पोरांची वजनं सांगायच्या. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं त्यांच्याकडून चार गोष्टी शिकून घेतल्या असत्या. मी जळले. साधंसुधं नाही, रात्री कूस बदलताना आठवावं इतकं जळले. आठवी नापास बाई, माझ्या हाताखाली काम करणारी, आणि मला जे जमत नाही ते हिला शेंगदाणे खाता खाता जमतं.

मॅडमना तर हर्ष मावेना. तंबाखूविरोधी दिनाला त्यांनी मावशींना शाल दिली. फोटोत मावशींच्या अंगावर शाल आहे, शेजारी मी आहे, माझ्या हातात माइक आहे आणि तोंडावर मास्क. मावशींनी ती शाल दुसऱ्या दिवशी घडी करून बादलीवर घातली, बसायला मऊ. मग मॅडमनी नियमच केला. महिन्यातल्या एका गुरुवारी, तपासणीला आलेल्या बायकांना मावशी दोन शब्द सांगणार. आधी मी वैद्यकीय माहिती द्यायची आणि मग माइक मावशींपुढे धरायचा. माझ्या माहितीच्या वेळी बायका पोरांना बिस्किटं भरवायच्या. मावशी उभ्या राहिल्या की चूप. आणि बाया खरंच सोडायला लागल्या. कार्डांवर मला ते लिहावं लागायचं.

मी बारीकसारीक पाजीपणा सुरू केला. बाजारची मिश्री आणून तिची डबी, झाकण काढून, मावशींच्या कप्प्यात विसरायची. त्या झाकण लावून आणून द्यायच्या. "सिस्टर, तुमचं राहिलं बगा." त्या आवाजात टोमणा असता तरी मला बरं वाटलं असतं.

अशातच माझ्या डाव्या गालाच्या आतल्या बाजूला खरखरीत लागायला लागलं. दातांच्या डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं आणि हातातला आरसा खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "मिश्री किती वर्षं?" पांढरा चट्टा होता. आज बंद करा, म्हणाले. तीन महिन्यांनी बघू. फिका झाला तर ठीक, नाहीतर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. त्या तपासणीचा अर्थ मला समजावून सांगायची त्यांना गरज नव्हती. मी रिक्षानं घरी आले, देवापुढे बसले, रडले, आणि मग रडून डोकं दुखायला लागलं म्हणून लावली.

तीन महिन्यांतला पहिला महिना असाच गेला. चार दिवस बंद, मग सुरू. सहा दिवस बंद, मग दुप्पट. बाजारच्या मिश्रीत माती असते की काय कोण जाणे, तोंड सोलून निघायचं. मला मावशींच्या हातची हवी होती. असंही ठरवून टाकलं की बाजारची वाईट असल्यामुळेच चट्टा आलाय. माणूस काय काय ठरवतं. मावशींना मी दोनदा विनवलं, एकदाच भाजून द्या. त्या नाही म्हणाल्या. चट्ट्याचं मात्र त्यांना सांगितलं नाही. त्यांनी कीव केली असती तर मला ती सोसली नसती.

मग तो दुसरा शनिवार आला. मॅडम पुण्याला गेलेल्या. योगायोगानं पाण्याचा दिवसही तोच होता. आमच्या भागाला सहा दिवसांनी नळ येतो, त्यामुळे त्या दिवशी मावशी दवाखान्यातल्या सगळ्या चादरी धुऊन गच्चीवर वाळत घालत. दुपारी मी तंबाखू आणि घरचा तवा घेऊन वर गेले आणि चूल पेटवली. मला भाजता येत नव्हतं आणि मला ते माहीत होतं. मावशींना वाईट काम बघवत नाही हेही माहीत होतं. बेड नीट केलेला नसला तर त्या शिकाऊ सिस्टरला बाजूला सारून स्वतः चादर ओढायच्या. मी आच मोठी केली, पानं काड्यांसकट टाकली आणि उलथण्यानं ढकलत बसले. धूर चादरींवर गेला. मावशी दोरीपाशी उभ्या होत्या, त्यांना ठसका लागला.

"जाळताय काय, सिस्टर?"

"भाजतेय."

"ह्याला भाजणं म्हणत्यात व्हय? सरका."

मी सरकले. त्यांनी लाकडं मागे ओढली, काड्या एकेक वेचून टाकल्या, करपलेली पानं फेकली आणि उलथणं हातात घेतलं. दहा-पंधरा मिनिटं परतत राहिल्या. आठ महिन्यांत तव्याला हात लावला नव्हता, पण हात तोच होता. मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसून त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. मग ते झालं. कडेचं पान त्यांनी चुरलं, बोट उचललं, सुळ्यावर फिरवलं आणि डोळे मिटले.

मला एक शब्द बोलता आला असता. मावशी, अहो काय करताय, एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. मी बोलले नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला जो आनंद झाला तसा मला मुलगी दहावीला पहिली आली तेव्हाही झाला नव्हता.

"उतरवा," मावशी म्हणाल्या.

सोमवारी त्यांच्या कमरेला डबी होती. पुढचे दोन आठवडे आमची गट्टी काय विचारता. मी पण एक बादली पालथी घातली. जेवण झालं की दोघी शेजारी शेजारी बसून लावायचो, तोंडं भरलेली, बोलायचं काही नाही. मला मावशी इतक्या आवडल्या नव्हत्या कधी. चट्टा विसरले मी. रात्री झोप लागत होती.

आणि गुरुवार आला. वीस-बावीस बायका बाकांवर, मॅडम पुढे खुर्चीत. मी नेहमीची माहिती भरभर उरकली, मास्क नीट केला, थोडं मागे वळून हळूच बोटभर लावली आणि माइक मावशींपुढे धरला.

"बायांनो," मावशी म्हणाल्या, "मागल्या येळेला मी तुमाला सांगितलं, सोडली म्हणून. ती मी परत लावाया लागले. पंधरा दिस झाले. तवा माझं काय ऐकू नका."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, जसं काही मी त्याचा खुलासा करणार होते. मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. सातवा महिना होता, तिचं कार्ड मीच भरलं होतं.

"मावशी, मी तुमचं ऐकून सोडली. मंग आता लावू का?"

मावशींनी तिला विचारलं, "किती दिस झाले सोडून?"

"दोन महिने."

"लई जड गेले?"

"लई."

"मंग ते दोन महिने पुन्ना काढायचेत का तुला? एवढं अवघड काम करून ठिवलंय, ते कशाला सांडती? बस खाली."

मुलगी बसली. या वेळी सिस्टरनं काहीतरी बोलायला हवं होतं. अर्धवट राहिलेलं सगळं सावरून घ्यायला हवं होतं. पण माझं तोंड भरलेलं होतं. मी माइक धरून उभी राहिले आणि मान वर करून हं-हं केलं.

दुपारी मी गच्चीवर गेले. मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या. मी मास्क काढला, चूळ भरली आणि सांगून टाकलं.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही बोट दाताला लावलं ते मला दिसलं होतं. मी मुद्दाम गप्प बसले. चूलसुद्धा मुद्दामच पेटवली होती."

त्यांनी चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "मला काय कळत नाय व्हय? धूर माझ्याकडं येईल असं बघून बसला व्हता तुमी."

"मग आलात कशाला?"

"लावायला."

आम्ही चादर ताणली, दुमडली, पुन्हा ताणली.

"तुमाला वाटलं, हात सवयीनं गेला," त्या म्हणाल्या. "सवयीनं नाय गेला. आठ महिने वाट बगत व्हता. कुणी निमित्त द्यायची खोटी. तुमी दिलं."

"पण तुम्हाला तर कंटाळा आला होता."

"असं सांगायचं असतं. जड जातंय म्हणलं की लोक म्हणत्यात, मंग लाव थोडी. कंटाळ्याला कुणी काय म्हणत नाय." चादर त्यांनी माझ्या हातातून घेतली. "सिस्टर, खरं सांगू? तुमच्यावर लई जळायची मी. रोज सकाळी तुमचा मास्क दिसला की वाटायचं, काय सुखात हाय ही बाई. आत भरून बसलीय, अन् मी कोरड्या तोंडानं पोरं पुसतीय. शेंगदाणे खाऊन खाऊन माझं पोट बिघडलं."

मला आधी त्यांचा रागच आला. आठ महिने मी ज्या आगीत होते ती माझी एकटीची आहे असं मी धरून चालले होते, त्यातही या बाई माझ्या पुढे निघाल्या. मग मी गाल ओढून त्यांना आतला चट्टा दाखवला. का दाखवला ते सांगता येणार नाही, डॉक्टरनंतर बघणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांनी माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, बराच वेळ बघितलं. कीव वगैरे काही केली नाही.

"किती दिस हायेत हातात?"

"दीड महिना."

"मंग आजपासनं तुमी सोडा. मी आठ दिसांनी सोडती."

"आठ दिवसांनी का? बरोबर सोडू."

"बरोबर नाय जमणार. मला जळायला कुणीतरी म्होरं लागतंय," मावशी म्हणाल्या. "मागल्या खेपेला सोडणारं म्होरं कुणी नव्हतं, म्हणून तर घसरले. तुमी म्होरं व्हा. मी मागनं जळत येती."

त्या आठ दिवसांबद्दल मला फार लिहायचं नाही. मावशी माझ्यासमोर बादलीवर बसून लावत होत्या आणि मी कार्डं भरत होते. तिसऱ्या दिवशी मी एका बाईच्या कार्डावर माझंच वय लिहिलं. पाचव्या दिवशी औषधांच्या कपाटामागे उभी राहून रडले. प्रत्येक वेळी वाटायचं, आता उठावं आणि डबी हिसकावून घ्यावी. आणि प्रत्येक वेळी मावशींच्या डोळ्यांत तेच दिसायचं, उठतेय का ही, मोडतेय का. मी मोडावं असं त्यांना इतकं मनापासून वाटत होतं की मला मोडताच येईना. नवव्या दिवशी त्यांनी डबी चुलीत टाकली आणि आमचं दोघींचं न लावणं सुरू झालं. दीड महिन्यानं डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला. चट्टा फिका झाला होता. तुकडा काढावा लागला नाही. "अशाच राहा," ते म्हणाले, जणू काही राहणं एवढं सोपं होतं.

मावशी निवृत्त होऊन आता दीड वर्ष झालं. गावाकडे लेकीजवळ असतात. रोज सकाळी सातला, मी दात घासायला उभी राहते त्याच वेळेला, त्यांचा फोन येतो. तब्येत विचारत नाहीत, दवाखान्याचं विचारत नाहीत.

"सिस्टर, लावली का आज?"

त्या आवाजात इतकी आशा असते की एखाद्या दिवशी त्यांच्यासाठी तरी हो म्हणावं असं वाटतं.

"नाही लावली, मावशी."

"आजबी नाय?"

"नाही."

"मंग मी तरी कशी लावू," त्या चिडून म्हणतात आणि फोन ठेवून देतात. त्यांच्या त्या चिडण्यावर माझा पुढचा अख्खा दिवस निघतो.